पेपर सुटल्यावर : ‘तुझं उत्तर काय आलं?’

कुणी गव्हाच्या शेतात असाल, कुणी कांदा काढायला गेला असाल, कुणी दुपारचं आवरून जरा टेकला असाल. आपल्या गटाच्या बैठकीत मागच्या आठवड्यात एका ताईने विचारलं, “बाई, पोरगी गणिताचा पेपर देऊन आली ती रडतच आली. पेपर अवघड गेला का म्हटलं तर नाही म्हणते. मैत्रिणीचं उत्तर वेगळं आलं म्हणून रडते. आता हिला काय सांगायचं?” त्या प्रश्नावरच आज बोलणार आहे.

मी आपल्या जिल्ह्यातल्या हायस्कुलांतून ३१ वर्षं गणित शिकवलं. दहावीचे पेपरही तपासले. म्हणजे फाटकाच्या आतलं मला माहीत आहे आणि फाटकाबाहेरचंही.

फाटकाबाहेरचं दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. गणिताचा पेपर दोन तासांचा. आता वर दहा मिनिटं जास्तीची मिळतात. २०२३ पासून मंडळाने ही दहा मिनिटं शेवटी द्यायला सुरुवात केली. अकराला सुरू झालेला पेपर एक वाजून दहा मिनिटांनी सुटतो. ऊन कडक झालेलं असतं. पोरी कंपास आणि पॅड छातीशी धरून बाहेर येतात आणि चार पावलं टाकायच्या आत, लिंबाच्या सावलीत, बाजार भरतो. “तिसऱ्याचं काय आलं गं?” “मला सात आलं.” “मला तर वजा सात आलं!” की झालं. एकीचा चेहरा उतरतो. एसटी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास असतो. त्या वेळेत पूर्ण पेपर तोंडी पुन्हा सोडवला जातो, आणि तोही चुकत-माकत, कारण प्रश्नपत्रिका हातात असली तरी स्वतःची उत्तरपत्रिका आता कुणाकडेच नसते. पोरगी आठवणीतल्या उत्तरावर भांडत असते.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पोरीच त्या, बोलणारच. खरं आहे. पण दहावीचं गणित दोन भागांत असतं. भाग एक म्हणजे बीजगणित, ४० गुणांचा. भाग दोन म्हणजे भूमिती, तोही ४० गुणांचा. शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून झाले १००. आपल्या वेळी गणित १५० मार्कांचं होतं, ७५ आणि ७५, आठवत असेल. मध्ये काही वर्षं सामान्य गणिताचा पर्यायही होता, तो नवीन अभ्यासक्रम आला तेव्हा बंद झाला. सांगायचं ते हे, की बीजगणिताचा पेपर झाला म्हणजे गणित संपलेलं नसतं. भूमिती बाकी असते, आणि ती एक-दोन दिवसांवर येऊन ठेपलेली असते. लिंबाखाली जे रडू येतं ते भूमितीच्या पेपरात सांडतं.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवा अभ्यासक्रम येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची. मुलगी पाथर्डीच्या बाजूची, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहून शिकायची. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण चिकट होती. एक गणित तीनदा चुकलं तरी चौथ्यांदा करणारी. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी अकरावीला विज्ञान हवं होतं. घरात चुलत्याचं म्हणणं असं की चांगले मार्क पडले तर पुढचं पाहू, नाहीतर एक स्थळ आलेलंच आहे.

बीजगणिताचा पेपर झाला. त्यात एक शाब्दिक उदाहरण होतं. नेमके आकडे मला आठवत नाहीत, पण जात सांगते. दोन लागोपाठच्या सम नैसर्गिक संख्या आहेत, त्यांच्या वर्गांची बेरीज ३४० आहे, तर त्या संख्या कोणत्या? बाहेर आल्यावर एकीने विचारलं, “तुझा एक्स किती आला?” चौघी म्हणाल्या, बारा. ही म्हणाली, चौदा. चौघींनी हिच्याकडे असं पाहिलं की हिचं गेलंच. त्यातली एक वर्गात पहिली येणारी. ती म्हणाली, “अगं चौदा कसं येईल? तू चिन्ह चुकवलंस.” हिने मान खाली घातली.

आता आपण हे उदाहरण नीट बघू. घाबरू नका, रेडिओवर गणित सांगतेय म्हणून बटण फिरवू नका. सम संख्या म्हणजे दोनाने भाग जाणाऱ्या, लागोपाठच्या म्हणजे एकीत दोन मिळवले की दुसरी. त्या चौघींनी लहान संख्येला एक्स मानलं. मग मोठी झाली एक्स अधिक दोन. समीकरण मांडून सोडवलं की एक्सच्या दोन किमती येतात, बारा आणि वजा चौदा. नैसर्गिक संख्या हवी म्हणून वजा सोडून द्यायची. राहिलं बारा. म्हणजे संख्या बारा आणि चौदा. आपल्या मुलीने काय केलं, मोठ्या संख्येला एक्स मानलं. मग लहान झाली एक्स वजा दोन. सोडवलं की किमती येतात चौदा आणि वजा बारा. वजा सोडला, राहिलं चौदा. मग लहान संख्या बारा. म्हणजे संख्या त्याच, बारा आणि चौदा. बाराचा वर्ग १४४, चौदाचा वर्ग १९६, बेरीज ३४०. दोघींचंही बरोबर!

लिंबाखाली विचारलं गेलं ते “एक्स किती?” असं. “संख्या कोणत्या?” असं कुणी विचारलंच नाही. एक्स म्हणजे काय मानलंस, हेही कुणी विचारलं नाही. आपल्याकडे दोन बाया दळणाचा हिशोब करताना एक म्हणते आठ, दुसरी म्हणते दोन, आणि भांडण लागतं. मग कळतं, एक शेरात बोलतेय आणि दुसरी पायलीत. तसंच हे.

ती मुलगी घरी गेली. जेवली नाही. आजीला काय कळणार, ती बिचारी दृष्ट काढत बसली. दुसरा दिवस सुट्टीचा होता, भूमितीची उजळणी करायचा. हिने तो दिवस बीजगणिताचे मार्क मोजण्यात घालवला. हे गेलं म्हणजे तीन गेले, ते गेलं म्हणजे दोन गेले. भूमितीच्या पेपरला बसली तेव्हा तिचा हात थरथरत होता, असं तिने मला नंतर सांगितलं. निकाल लागला. पास झाली, पण गणिताने खाली ओढलं.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर गणिताचे एकत्र गुण येतात. बीजगणितात किती, भूमितीत किती, ते त्यावरून कळत नाही. म्हणून मी तिला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. ती आली तेव्हा आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून पाहिली. ज्या उदाहरणासाठी ती दोन रात्री झोपली नव्हती, त्याला पूर्ण गुण होते. आणि भूमितीच्या उत्तरपत्रिकेत शेवटची दोन पानं कोरी. समरूपतेचं जे प्रमेय ती मला डोळे मिटून म्हणून दाखवायची, ते लिहिलेलंच नव्हतं.

ती काही बोलली नाही. पान उलटलं, परत सुलटं केलं, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. त्या वर्षी तिचं विज्ञान झालं नाही. दोन वर्षांनी लग्न झालं.

आता ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, की बाई, लग्न काही एका उदाहरणाने झालं नाही. बरोबर आहे. चुलत्याच्या मनात आधीपासून होतंच. पण मार्कांचं निमित्त त्याच्या हातात दिलं गेलं, आणि ते दिलं गेलं एका बरोबर सोडवलेल्या उदाहरणापायी. याचा मला आजही राग येतो.

उत्तरं वेगळी दिसतात पण असतात एकच, याची अजून उदाहरणं सांगते. तुमच्या घरात दहावीची पोरगी असेल तर तिला ऐकवा. संभाव्यतेच्या गणितात एकीचं उत्तर चार भागिले आठ, दुसरीचं एक छेद दोन. दोन्ही म्हणजे अर्धाच की. त्रिकोणमितीत एकीचं एक भागिले वर्गमूळ तीन, दुसरीचं वर्गमूळ तीन भागिले तीन. दिसायला लांबची, पण किंमत एकच. सांख्यिकीत मध्य काढायच्या तीन रीती पुस्तकात आहेत : सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत. एकीच्या उत्तरपत्रिकेत मोठमोठे आकडे, दुसरीच्यात लहान, आणि शेवटी मध्य तोच. वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्या. त्रिज्या सात असेल आणि पायची किंमत बावीस सप्तमांश घेतली तर १५४ येतं, ३.१४ घेतली तर १५३.८६. पेपरात कोणती किंमत घ्यायची ते सांगितलेलं असेल तर तीच घ्यायची, हे खरं. पण १५४ आणि १५३.८६ ऐकून “आपलं कुठे चुकलं” म्हणून छाती धडधडायचं कारण नाही. शिवाय पेपरात ‘कोणतेही चार सोडवा’, ‘कोणतेही दोन सोडवा’ असे प्रश्न असतात. एकीने पहिला, दुसरा, चौथा, पाचवा सोडवला, दुसरीने पाचवा सोडला. मग एक विचारते, “पाचव्याचं काय आलं?” आणि दुसरीला वाटतं आपण काहीतरी विसरूनच आलो. पेपर कसा असतो तेच पोरी त्या गडबडीत विसरतात.

आता फाटकाच्या आतलं सांगते. पेपर तपासायला आमच्याकडे येतो तेव्हा काय होतं, ते पुष्कळ आयांना माहीत नसतं. मुलांना वाटतं तपासणारे सर किंवा बाई फक्त शेवटचं उत्तर पाहतात आणि बरोबर की चूक अशी खूण करतात. एक गुणाच्या प्रश्नांना, पर्याय निवडा असतात त्यांना, तसंच आहे. ते बीजगणितात आणि भूमितीत सुरुवातीला असतात. पण दोन, तीन आणि चार गुणांच्या गणितांना पायरीचे गुण असतात. मंडळाकडून नमुना उत्तरं येतात, त्यात कोणत्या पायरीला किती, हे अर्ध्या-अर्ध्या गुणापर्यंत मांडलेलं असतं. तपासून झालेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतात, त्यांच्यावर मुख्य नियामक असतात. उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, बारकोड असतो. कुणाची पोरगी आहे ते आम्हाला कळत नाही आणि कळायलाही नको.

समजा आपल्या बचत गटाचंच गणित आलं. एका बाईने पहिल्या महिन्यात १०० रुपये टाकले, पुढच्या प्रत्येक महिन्यात २० रुपये वाढवून टाकले, तर वर्षात किती जमले? याला पुस्तकात अंकगणिती श्रेढी म्हणतात. आपण त्याला वाढती बचत म्हणतो. बाराव्या महिन्याला किती, तर १०० आणि अकरा वेळा वीस म्हणजे २२०, एकूण ३२०. पहिला आणि शेवटचा हप्ता मिळवला की ४२०. बारा महिन्यांच्या सहा जोड्या, म्हणून सहा गुणिले ४२०. उत्तर २,५२० रुपये. आता एका पोरीने सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर घातल्या, सहा गुणिले ४२० इथपर्यंत आली आणि घाईत गुणाकार २,४२० केला. बाहेर येऊन तिला कळलं की बाकीच्यांचं २,५२० आहे. ती म्हणते, माझे तीन मार्क गेले. नाही गेले गं. सूत्राचे आहेत, किमती घातल्याचे आहेत. शेवटच्या पायरीचं तेवढं जाईल. चाळीसपैकी अर्धा किंवा एक गुण, आणि त्यासाठी दोन रात्री!

आणखी एक. पुस्तकातली नसलेली पण योग्य रीत वापरली तर गुण कापत नाहीत. पूर्वी आमच्या गावाकडे एक समज होता की क्लासच्या सरांनी सांगितलेलीच रीत लिहायची, दुसरी लिहिली तर शून्य. तसं नाही. रीत गणिताला धरून असली पाहिजे, बस.

मग पेपरातली चूक मंडळाचीच निघाली तर? तसंही होतं. २०२३ साली बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात काही ठिकाणी प्रश्नाऐवजी तपासणाऱ्यांसाठीची सूचनाच छापली गेली होती. पोरं बाहेर येऊन रडली, की आम्हाला हे कळलंच नाही. पुढे मंडळाने त्या भागाचे सहा गुण द्यायचं ठरवलं. म्हणजे लिंबाखाली बसून ज्याचा निकाल लागत नाही, त्याचा निकाल दुसरीकडे लागतो. पोरीने काय करायचं, तर असा प्रश्न दिसला की त्याचा क्रमांक लिहून, जेवढं जमेल तेवढं लिहायचं. कोरा सोडायचा नाही. पुढचं शाळेने आणि मंडळाने पाहावं.

आता मोबाइलचं बोलते, कारण लिंबाची सावली आता मोबाइलमध्ये गेली आहे. पेपर सुटून तास होत नाही तोवर कुठल्या तरी क्लासची उत्तरसूची फिरायला लागते. कुणी हाताने सोडवून फोटो काढलेला असतो, कुणी व्हिडिओ टाकलेला असतो. ही मंडळाची उत्तरं नसतात. घाईत सोडवलेली असतात, त्यात चुका असतात, आणि मी स्वतः त्यात चुका पाहिल्या आहेत. पोरगी रात्री अकरापर्यंत ती चाळत बसते, आणि सकाळी तिला पायथागोरसचं प्रमेय आठवत नाही. दुसराही धोका आहे. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधीच मोबाइलवर फिरल्याचं उघड झालं, आणि त्याच्या तपासाचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत आला होता. तेव्हा पेपरच्या आधी “उद्याचं आलंय” म्हणून काही आलं तर ते उघडायचंही नाही आणि पुढे पाठवायचंही नाही. पोरगी अडकेल, आणि ज्याच्या नावावर मोबाइल आहे तो बापही अडकेल.

मग उत्तरं ताडून पाहायचीच नाहीत का? मी तसं म्हणणार नाही. मी तर ३१ वर्षं वर्गात पोरींना हेच करायला लावलं, पण सराव परीक्षेनंतर. पूर्वपरीक्षेचा पेपर हातात मिळाला की चौघी-चौघींचे गट करायचे. नियम एकच, “तुझं उत्तर काय?” असं विचारायचं नाही, “तू सुरुवात कुठून केलीस?” असं विचारायचं. मग कळतं की एकीने लहान संख्येला एक्स मानलं आणि दुसरीने मोठीला. कळतं की एकीने आकृती काढली म्हणून तिला कोन दिसला. जिचं चुकलं तिने फळ्यावर सोडवायचं, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिच्याकडूनच मिळतं. जानेवारीत ही चर्चा सोन्यासारखी असते. मार्चमध्ये दोन पेपरांच्या मधल्या दिवशी तीच विषासारखी होते, कारण तेव्हा दुरुस्त करायला हातात काही नसतं.

पेपरातच स्वतःचं उत्तर तपासायची सवय लावता येते. आपण गटाचा हिशोब लिहितो तेव्हा ताळा करतो ना? सचिव एकीकडून मिळवते, अध्यक्ष दुसरीकडून, आणि रोकड मोजून पेटी बंद करतात. गणितालाही ताळा असतो. बारा आणि चौदा आलं, तर लगेच दोघांचे वर्ग करून बेरीज ३४० येते का पाहायचं. दोन समीकरणं सोडवली, तर आलेल्या किमती दोन्हींत घालून पाहायच्या. संभाव्यता एकाहून जास्त आली तर समजायचं कुठेतरी गडबड आहे. भूमितीत त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा लहान येत असेल तर तो त्रिकोणच होत नाही. ती जास्तीची दहा मिनिटं यासाठीच वापरायला सांगा. ज्या पोरीने ताळा केला आहे, तिला बाहेर चार जणी काहीही म्हणोत, ती म्हणू शकते, “मी घालून पाहिलंय.” त्या पाथर्डीकडच्या मुलीने ताळा केला असता तर पहिली येणारीपुढे तिची मान खाली गेली नसती. ही माझीच शिकवण्यातली चूक, मी उत्तर काढायला शिकवलं, ताळा करायला पुरेसं शिकवलं नाही. पुढच्या वर्षीपासून मी वहीत ताळ्याला वेगळी ओळ ठेवायला लावली.

आता आपल्याबद्दल, म्हणजे आयांबद्दल, आज्यांबद्दल, मावश्या-आत्यांबद्दल. पोरगी उंबऱ्यात पाय ठेवते तोच आपण विचारतो, “किती सोडवलंस? किती पडतील?” शेजारीण विचारते, “आमच्या पोराला तर सोपा गेला म्हणे.” फोनवरून मामा विचारतो. पोरीने तोच पेपर दिवसात सहा वेळा दिलेला असतो. एवढंच करा, पाणी द्या, हातपाय धुवायला लावा, ताट वाढा. ती आपणहून बोलली तर ऐका. नाही बोलली तर भूमितीचा पेपर कधी आहे, कंपासमध्ये पेन्सिलीला टोक आहे का, प्रवेशपत्र पिशवीत आहे का, एवढं विचारा. भूमितीला रचना असतात, कर्कटक सैल असेल तर वर्तुळ बिघडतं. मी किती तरी पोरी पाहिल्या ज्यांचं गणित चुकलं नाही, कर्कटकाचा स्क्रू सैल होता.

ज्या घरी आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या पट्ट्यात गेलेत, तिथे हे कोण करणार? तिथे गटाने करावं. आमच्या एका वस्तीवरच्या गटाने दोन वर्षं असं केलं, की परीक्षेच्या दिवसांत अशा मुली दुपारी एकीच्या घरी जेवायला आणि तिथेच अभ्यासाला. कुणी शिकवत नव्हतं, कुणाला गणित येतही नव्हतं. पण मोबाइल टोपलीत ठेवलेला असायचा आणि संध्याकाळपर्यंत कुणी “काय आलं” विचारायचं नाही.

निकालानंतरचं थोडं सांगते, कारण भीतीचं मूळ तिथे असतं. शेकडा गुण काढताना सगळ्यात चांगल्या पाच विषयांचे धरतात, ही पद्धत २०१० पासून आहे. म्हणजे गणित पास असेल पण कमी पडलं असेल, तर तेवढ्याने सगळी टक्केवारी कोसळेलच असं नाही. एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय आहे, त्याला एटीकेटी म्हणतात, आणि पुरवणी परीक्षा थोड्याच महिन्यांत होते, वर्ष वाया जात नाही. मार्क कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते, म्हणजे बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, ते पाहतात. छायाप्रत मागवता येते, आणि छायाप्रत पाहिल्यावर वाटलं तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. याला मुदत असते, निकाल लागल्यापासून मोजके दिवस. तेव्हा निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना मुदत विचारून घ्या. आपला जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो, अर्ज ऑनलाइन होतात, शाळेत मदत मिळते.

आणि पोरगी पेपरनंतर फारच गप्प झाली, जेवत नाही, झोपत नाही, “मी नकोच” असलं काही बोलली, तर ते नखरे समजू नका. परीक्षेच्या काळात मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते शाळेच्या फळ्यावर लावलेले असतात. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ आहेच, आणि अल्पवयीन मुलीचं लग्न ठरवतायत असं कळलं तरी तोच नंबर चालतो. लिहून घ्या. पुन्हा सांगते : एक चार चार एक सहा. आणि दुसरा : एक शून्य नऊ आठ.

ज्या ताईने प्रश्न विचारला होता, तिच्या पोरीला मी परवा बोलावलं. तिला म्हटलं, तुझं उत्तर तोंडी सांगू नकोस, प्रश्न आठवून पुन्हा सोडव, माझ्यासमोर. तिने सोडवलं. तिचं चुकलेलं होतं. खरंच चुकलेलं होतं, अर्ध्यावर वजाचं अधिक झालं होतं. मी तिला पायरीचे गुण मोजायला लावले. तीनातले दीड तरी मिळतील असं निघालं. ती म्हणाली, “म्हणजे दीडच गेले?” मी म्हटलं, दीडच. मग तिने भूमितीचं पुस्तक उघडलं आणि वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय मला विचारलं.

पुढच्या मंगळवारी याच वेळी अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला कोणते कागद लागतात, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून कसा काढून ठेवायचा, ते बोलू. तोवर कागद-पेन जवळ ठेवा. नमस्कार.